माय, घर पुन्हा हलवलंय

माय, घर पुन्हा हलवलंय. तू असतीस तर पदर खोचून माझ्या आधी तूच लागली असतीस.

नांदूरघाटच्या त्या दोन खोल्यांत तू एक वस्तू वर्षभर एका जागी राहू दिली नाहीस. पावसाळ्यात चूल आत, उन्हाळ्यात ओसरीवर. ताई बाळंतपणाला आली तेव्हा धान्याची रिकामी कणगी सरकवत आणलीस, मधोमध उभी केलीस, बाजूला लुगडं बांधलंस, झाली बाळंतिणीची खोली. ती सासरी गेली आणि त्याच कोपऱ्यात शेळी व्याली. आबा वैतागायचे, घर हाय का बाजार? तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस. आता मी बीडला घरांचे नकाशे काढते. भिंत सरकवली की एका खोलीच्या दोन होतील, उद्या सून आली तरी अडचण नाही, असं लोकांना पटवते. लोक मला लई हुशार समजतात. समजू देत बापडे.

आबांना आता नुसता उजेड-अंधार कळतो. माझ्याकडं यायला साफ नकार. मग त्यांना महिनाभर ताईकडं धाडलं आणि गावचंच घर त्यांच्याजोगं करून घेतलं. मधली भिंत पाडली, न्हाणी-संडास आत घेतला, खाट त्याच्याजवळ आणली. उंबरासुद्धा काढला, तर शेजारची काकू माझ्यावर केवढी कडाडली! पण मी आपल्या तोऱ्यात. आबांना मोठ्या ऐटीत आत नेलं. त्यांनी सवयीनं भिंतीकडं हात नेला, तिथं भिंत नव्हती. मधोमध उभे राहिले, हलेचनात. मग हळूच म्हणाले, "पोरी, कुणाच्या घरी आणलंस मला?"

ज्याला ते घर हातानं पाठ होतं, त्यालाच मी विचारलं नव्हतं. रडवेली होऊन म्हटलं, उद्याच भिंत परत बांधायला लावते.

"कशापायी?" आबा म्हणाले. "हात धर अन् दाव. तुझी माय बी तसंच करायची."

मग सांगत बसले. अंधार पडल्यावर रानातून यायचे, लाईट गेलेली, तू चूल हलवलेली. ठेचकाळायचे, शिव्या द्यायचे. तू त्यांचा हात धरून घरभर फिरवायचीस. हितं घागर, हितं चूल, हितं लेकरं निजलीत. आम्ही गाढ झोपेत. मला तर जन्मभर वाटत आलं, की तुम्ही दोघं कामापुरतंच बोलता.

मीही हात धरला. हितं खाट, हितं न्हाणी, हितं नळ. चार-आठ दिवसांत त्यांना सगळं पाठ झालं. परवा मी दारातून बघत होते, एकटे भराभर न्हाणीत गेले आणि आले, कुठं चाचपडलेसुद्धा नाहीत. मग माझी चाहूल लागली तसे जागीच थांबले आणि हात पुढं केला.

हे त्यांना वाचून दाखवणार नाही. मी बघितलं हे त्यांना कळायला नको, माय. तो हात मलाही धरायचाय.