मी बांधलेला लूप

शनि., ८ नोव्हेंबर
उद्या तिरंदाजीची जिल्हा निवड. पूनमच्या धनुष्याच्या दोरीवरचा लूप, ओढायची कळ ज्यात अडकवतात तो, झिजला होता, नवा बांधून दिला. धनुष्य ‘पूनमचं’ म्हणायची सवय अजून झालेली नाही. चार वर्षं माझं होतं. मग खांदा गेला, डॉक्टरांनी ओढायला बंदी केली आणि सरांनी ते धाकटीच्या मापाला लावून दिलं. घरातच राहिलं, बरंच झालं. विचारेल त्याला मी असंच सांगते.
आज मैदानावर सर सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "पूनम तो दीदी से आगे निकल गई." पू. लाजली. मी हसले. कुडव्याला आम्हा दोघींच्या खोलीवर येईपर्यंत ते हसू तसंच धरून ठेवलं, गाल दुखायला लागले.

रवि., ९
लिहवत नाही, तरी.
दुसरी फेरी. पू.नं दोरी पूर्ण ओढली आणि लूप सुटला. ओढायची कळ, रिलीज, धरलेली तिचीच मूठ तिच्या तोंडावर बसली. समोरचा दात अर्धा गेला. बाण पुढं मातीत. रक्त ओढणीभर. पोरगी आधी रडली नाही. धनुष्याला काही झालं का, तेच बघत राहिली.
सर लांबून धावत आले. "अंगूठा जल्दी दबा दिया इसने! कितनी बार बोला." रिलीजचं बटण अंगठ्यानं दाबतात, लवकर दाबलं तरी मूठ अशीच तोंडावर येते. पू. मान हलवत होती. हो सर, माझंच चुकलं.
दोरीला लोंबणारा लूप सर पोचायच्या आत मी कापला आणि पर्समध्ये टाकला. सरांना वाटलं, तोंड पुसायला रुमाल काढते आहे.

मंगळ., ११
दाताला टोपी बसवावी लागेल म्हणे, नंतर. सध्या मऊ भात आणि वरण. बोलताना तोंडापुढं हात धरते. सतरा वर्षांची आहे, हात धरणारच.
बाबांचा देवरीहून फोन. "लागलं किती? निवड झाली का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं, नाही म्हणून.

गुरु., १३
पू.ला मैदानावर नेलं. जुना झटक्यानं तुटून उडाला असं समजून सरांनी दुसरा लूप बांधून ठेवला होता. उभी राहिली, अर्धी दोरी ओढली आणि तोंड बाजूला वळवलं. खाली केलं. पुन्हा. पुन्हा. बाकीच्या पोरी आपापल्या टार्गेटकडं बघायचं नाटक करत होत्या, ते जास्त लागलं.
परत येताना गाडीवर मागून म्हणते, "ताई, माझा अंगठा पहिल्यापासूनच असा आहे का? तुले दिसला असंल ना, मग सांगितलं काऊन नाही?"
ट्रक जात होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

शनि., १५
मी कामाला जाते त्या दुकानात आज गर्दी नव्हती. झेरॉक्स मशीनच्या मागं बसून पर्समधला लूप काढला.
लूप म्हणजे बोटभर दोरा आणि दोन गाठी, दुसरं काय. टोक लायटरनं जाळून गोळा करायचा, तो अडतो म्हणून गाठ सुटत नाही. उडदाच्या दाण्याएवढा तरी हवा. मग आत पकड घालून ती जोरानं उघडायची, म्हणजे गाठी आवळतात. निम्म्या मैदानाचे लूप मीच बांधते. ह्याचं एक टोक छान आहे. दुसऱ्याचा गोळा मोहरीएवढा.
तो मला बांधतानाच दिसला होता. आठवडाभर हे वाक्य लिहायचं टाळलं, आता लिहिलं. लायटर हातात होता. पुन्हा जाळायला किती वेळ लागतो? मी ‘चालते’ म्हटलं आणि पकडही लावली नाही. तिला लागावं असं मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण तिचे दोन-चार बाण भरकटले असते तर मला वाईट वाटलं नसतं. हे मात्र होतं.
माझी लाज वाटते मला.

सोम., १७
बाबा फोनवर: "हात उचलत नाही त् कायले ठेवून राहिली तिले तिकडे? रविवारी घरी आणून दे. धान कापून पडलं आहे, तुझ्या मायले मदत होईल."
पू.नं ऐकलं. कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मग धनुष्याची पेटी पुसून माझ्या कॉटखाली सरकवली. "तुझं धनुष्य मी बदनाम केलं ताई."
मला जेवण गेलं नाही. तिला वाटलं, ती जाणार म्हणून.

बुध., १९
सांगितलं.
दुपारी ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला करून लूप तिच्या हातात ठेवला. म्हटलं, तुझा अंगठा बरोबर होता. हे टोक बघ. मी नीट बांधला नव्हता.
तिनं ते टोक नखानं चाचपलं. मग: "तुले दिसलं नव्हतं, ताई?"
मी नाही म्हटलं. तयारी करून बसले होते सगळं सांगायची, आणि तोंडातून ‘नाही’ गेलं.
"घाईत झालं असंल."
हो म्हटलं.
पाठीत दोन गुद्दे घातले तिनं. "दहा दिवसांपासून मी माझ्या अंगठ्याले शिव्या देऊन राहिली!" मग गळ्यात पडून रडली. मीही रडले. ती म्हणते, "तू नको रडू ना, चुकून झालं."

शुक्र., २१
काल पेटी ओढून तिनं धनुष्य माझ्या मांडीवर ठेवलं. "सरांचा लूप काढ. तूच बांध." नको म्हटलं तर रुसली. बांधला. दोन्ही टोकं मोठी जाळली, पकड लावून तीनदा ताणला. "बस कर, तोडतेस का!" म्हणून हसली, तोंडापुढं हात न धरता. अर्धा दात दिसला.
संध्याकाळी मैदानावर पहिला बाण सोडायला वेळ लावला. मग एकामागून एक बारा मारले. सर खूश. "देखा, अंगूठा सुधर गया." पू.नं मला डोळ्यानं गप्प केलं. सरांना कळलं तर मला कुणाचंच धनुष्य हाती देणार नाहीत, म्हणून ती माझं पाप झाकते आहे. बाबांनाही तिनंच फोन केला. महिनाभर राहू देतो म्हणाले.
निष्काळजीपणाची माफी दिली तिनं मला. तेवढंच कबूल केलं होतं मी. उरलेलं सांगितलं तर ती परत दोरी ओढेल? आणि नाही सांगितलं तर तिच्या तोंडासमोर येणारा प्रत्येक लूप मीच बांधायचा, ती तो तपासून बघणारही नाही. काल नाहीच बघितलं. सरळ ओढली.
खालून हाक मारते आहे, "ताई, चल ना, सर येऊन राहिले असतील." पकड आणि लायटर पिशवीत टाकले. निघते.