दोन्ही हात स्टिअरिंगवर

३ डिसेंबर, मंगळवार

राजुऱ्यात आज कामाचा पहिला दिवस. खोली लहान आहे, पण खिडकीतून ऊन येतं आणि घरमालकीण मीराबाईंनी आल्याआल्या चहा पाजला, त्यामुळे जीव रमला. काम तर भलतंच मजेचं. आमच्या कंपनीचे ट्रक गडचिरोलीच्या जंगलातल्या खाणींतून लोखंडाचा लाल माल आणतात. गेल्याच आठवड्यात प्रत्येक केबिनमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा बसवलाय. मी नऊ ते पाच ऑफिसात बसून बारा ड्रायव्हरांची तोंडं पाहायची. डोळे मिटले किंवा दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटले की यंत्र बोंब मारतं, मग मी नोंद करायची. महिन्यात तीन नोंदी झाल्या की ड्रायव्हर गाडीवरून खाली.

आम्ही झाडीपट्टीतल्या वडशाचे, हिवाळाभर नाटकं पाहणारे. इथे बारा नाटकं एकदम, तीही फुकट! एक जण गालात तंबाखूचा खर्रा धरून गातो, एक जण बायकोशी भांडल्यासारखा एकटाच बडबडतो. इन्चार्ज धनराज सर म्हणाले, माधवी, तुझी नजर चांगली आहे. आईला फोन करून तेवढं सांगितलंच.

९ डिसेंबर, सोमवार

मुखरूभाऊंच्या नावावर दोन नोंदी झाल्या. पन्नाशीचा सरळ माणूस, वीस वर्षांत एक अपघात नाही. आष्टीपलीकडच्या जंगलवाटेने आमच्यापैकी त्यांचीच एक गाडी जाते. तिथल्या एका वळणावर, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांचे डोळे मिटतात आणि हात सुटतात. जेमतेम तीन सेकंद.

फोन केला. ते म्हणाले, "बाई, मी झोपत नाई. तिथी मोहाच्या झाडाखाली देव हाय. त्या वळणावर जे मेले ते गाडीची वाट पाहून राह्यले. हात जोडले का देव त्याईले बसवून ठेवते. नाई जोडले, का कोणीतरी चढते."

गाडी थांबवून जोडा म्हटलं, तर म्हणे थांबणं म्हणजे आपणहून दार उघडणं. मला हसू आलं. 'झोप नव्हती' असं लिहून मी सोडून देऊ शकले असते. पण नवी नोकरी, आणि नियम तो नियम. त्यांची मुलगी निशा नर्सिंगला आहे, आता नोकरी घालवू नका, देव मनातल्या मनातही पावतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, असं त्यांना समजावलं. शेवटी ते हो म्हणाले. एका माणसाची भाकरी वाचवली याचं आज खूप बरं वाटतंय.

१० डिसेंबर

मुखरूभाऊंनी ऐकलं. वळण गेलं, डोळे उघडे, हात जागेवर. त्याच क्षणी पडद्यावर दुसरी सूचना आली: केबिनमध्ये दोन व्यक्ती. बाजूची सीट तर रिकामी दिसत होती. सर म्हणाले, कॅमेरा नवा आहे, ऊन पडलं की चुकतो. असेल.

११ डिसेंबर

दिवसभर 'दोन'. मुखरूभाऊ दाराकडे सरकून बसले होते. एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा आला की आपण सरकतो, तसे. ऊन मावळतीला गेलं तरी 'दोन'.

१३ डिसेंबर

ते पापणी लववत नाहीत. आज मी वीस मिनिटं बघत होते, एकदाही नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी. सर खूश, म्हणे एकही नोंद नाही, याचं नाव बक्षिसाला पाठवू.

फोन केला. म्हणाले, "डोये मिटत नाई बाई. हातही सुटत नाई. घरी गेलो तरी बोटं अशीच वाकडी रायते. सुकरी घास भरवते."

सुकरी त्यांची बायको. मग गाडी सोडा ना भाऊ, म्हटलं. तर हळूच म्हणाले, "मी गाडीवर नाई आलो, तर तो घरी येते."

फोन ठेवल्यावर मी रडले. हे मी केलंय. चांगलं करायला गेले आणि मीच केलंय.

१४ डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवस गावी जाऊन ये. मुखरूभाऊंना विचारलं, त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी हात जोडले तर चालेल का. ठाऊक नाई, म्हणाले. जेवण गेलं नाही. उद्या माझी सुट्टी आहे. जाते.

१५ डिसेंबर, रविवार

आष्टीच्या नाक्यावर मुखरूभाऊंच्या ट्रकमध्ये चढले. सकाळचे साडेदहा. बाजूच्या सीटवर बसायला गेले तर मुखरूभाऊ म्हणाले, तिथी नको बाई. सीटमागच्या फळीवर बसलेय. नोंद राहावी म्हणून लिहितेय.

त्यांची बोटं स्टिअरिंगवर काळीनिळी पडलीत. कॅमेऱ्याखालच्या छोट्या पडद्यावर आकडा आलाय. तीन.

बाजूची रिकामी सीट मधोमध दबलेली आहे—

झाडी दाट झाली. मुखरूभाऊ म्हणतात, पुढचंच वळण. मोह दिसतोय. खाली दगड, पांढरी निशाणं.

देवा, चूक माझी. त्यांची नाही. त्यांना सोडव. मी जोडते, दोघांचे मिळून मी—

हात जोडायचे तर पेन ठेवायला हवं. ठेवते—

ठेवते—

बोटं उघडत नाहीत. डोळे— मिटत—

मुखरूभाऊ विचारतात, जोडले काय बाई— जोडले काय— आणि मी नाही लिहीत हे, हात आपला लिहीतच—