चौथ्या दिवसाचा फोटो

३ जून
पाय गेले! आठ तास उभी. नव्या प्रदर्शनाचा पहिलाच दिवस. या संग्रहालयात रखवालदार म्हणून सहा वर्षं झाली, पण एवढी गर्दी बघितली नव्हती. चार दालनं, चार मोठे फोटोग्राफर. मला दालन दोन — पक्षी. आमच्या गाईडबाई घसा ताणून सांगत होत्या, "या एका पंखासाठी ते एकोणीस दिवस चिखलात पालथे पडून होते." एक आजी म्हणाल्या, "आणि घरात कोण बघत होतं?" मी तोंड फिरवून हसले. पण पंख खरंच असा, की आता हलेल.

५ जून
जेवणाच्या सुट्टीत दालन तीनमध्ये डोकावले. तिथे सगळे चेहरे. ते काढणारी बाई म्हणे आधी तासन्‌तास गप्पा मारायची. समोरचा बोलून बोलून दमला, कॅमेरा विसरला, गप्प झाला — की बटण दाबायची. म्हणूनच ते चेहरे बघताना आपण दार न वाजवता कोणाच्या घरात शिरलोय असं वाटतं. दालन एकमधला, रस्त्यांचे फोटो काढणारा, अगदी उलट. कोणाशी चकार शब्द नाही, मांजराच्या पावलांनी यायचा आणि जायचा. ज्याला जे जमलं ते!

६ जून
उद्यापासून दालन चार. तिथल्या रखवालदाराला काविळीने गाठलंय. पुराचे फोटो आहेत. नको म्हणायचं होतं, साहेबांसमोर जीभ उचलली नाही.

७ जून
बाबा आहेत तिथे.
भिंतभर फोटो. सगळं पाणीच पाणी, आणि डाव्या कोपऱ्यात पत्र्यावर बसलेला एक माणूस. तेच. सदऱ्याचा खिसा चौकड्यांच्या कापडाचा — आईनेच लावलेला. फाटका खिसा काढून तिच्या जुन्या पडद्याचा तुकडा! मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बावीस वर्षं झाली, पण तो खिसा मी विसरेन?
खाली पाटी — "पुराचा चौथा दिवस."
चौथा! आम्हाला तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेजारचे काका पूरग्रस्तांच्या छावणीत आले, म्हणाले, "तुमचं घर डोळ्यांदेखत गेलं. ते आतच होते." दुसऱ्या दिवशी मामा येऊन आम्हाला त्यांच्या गावी घेऊन गेला. म्हणजे आम्ही मामाकडे गाद्यांवर झोपलो होतो, आणि बाबा तिथे जिवंत. पत्र्यावर.

८ जून
काही लिहवत नाही.

११ जून
गाईडबाईंना रोज ऐकते. दिवसातून सहा वेळा. "दुसरा कोणी जवळ गेला असता, डोळ्यांतलं पाणी टिपलं असतं. हे लांबच थांबले. बघा, माणूस एवढासा, बाकी सगळं मोकळं. म्हणून आपल्याला कळतं — कोणी येणार नाही." लोक माना डोलावतात. आज एक मुलगी म्हणाली, "काय सुंदर आहे!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मलाही दिसतं ते सुंदर आहे, तीच तर पंचाईत! मी फोटोपासून दोन हात अंतरावर उभी असते. मला बोलायची परवानगी एवढीच — "कृपया मागे सरका."

१५ जून
आईला सांगितलं. सुईत दोरा ओवत होती. तिने तो ओवला, गाठ मारली, मग म्हणाली, "चौथ्या दिवशी?" एवढंच. रात्रभर तिच्या अंथरुणाचा आवाज येत होता.

१८ जून
आई आली. चांगली साडी नेसून, केस नीट बांधून. तिकीट काढून रांगेत उभी राहिली, मी आत सोडते म्हटलं तरी ऐकलं नाही.
बराच वेळ बघत राहिली. मग सरळ पुढे जाऊन खिशावर बोट ठेवलं. साहेब दारातच होते! आणि मी — मी माझ्या आईला म्हणाले, "हात लावू नका, बाई."
तिने हात काढला. बाहेर पायऱ्यांवर म्हणाली, "छावणीत नेणाऱ्या ट्रकमध्ये बसल्यावर मीच म्हटलं होतं, मशीन राहिलं. म्हणून उतरले ते. आपण छावणीत अजून दोन-तीन दिवस थांबलो असतो तर गं?"
शिलाई मशीनसाठी. बावीस वर्षं तोंडातून अवाक्षर नाही.

२३ जून
आज पुराचे फोटोवाले स्वतः आले, भाषणाला. काठी टेकत, दम लागलेला. कोणीतरी विचारलंच, "त्या माणसाचं पुढे काय झालं?" ते म्हणाले, "ठाऊक नाही. ते ठाऊक नसणं म्हणजेच हा फोटो." टाळ्या!
गर्दी पांगल्यावर मी गेले. म्हटलं, "ते माझे बाबा आहेत. त्यांना तुमच्या बोटीत का नाही घेतलं?"
ते खुर्ची ओढून बसले. "आई आहे?"
"आहे."
"पत्ता लिहून द्या," म्हणाले. मी काय मागितलं, मलाच कळेना. त्यांनी तरी काय करायचं होतं!

२७ जून
आई जेवत नाही नीट. मशीनला हात लावत नाही. समजूत घालावी तर कशी? मीच रोज तिथे जाऊन उभी राहते. बदली मागितली. साहेब म्हणाले, "प्रदर्शन संपेपर्यंत तरी सांभाळा."

२ जुलै
पाकीट आलं. त्यात त्याच रिळातले पुढचे दोन फोटो. एकात बोट पत्र्याला लागलीय. दुसऱ्यात बाबा बोटीत, अंगावर घोंगडी, हातात कप. हसताहेत.
सोबत चिठ्ठी — "त्यांना आम्हीच पलीकडे सोडलं. धडधाकट होते. सगळ्यांना 'ठाऊक नाही' सांगत आलो, कारण वाचलेल्या माणसाच्या फोटोसमोर कोणी इतका वेळ उभं राहत नाही. माफ करा."
मामाचं घर बाबांना ठाऊक होतं. आई-बाबांचं लग्नच त्या घरातून झालं होतं.
आई स्वयंपाकघरातून विचारतेय, कोणाचं पत्र.