तुझा फॉर्म मी भरला

लीड्स, ७ मार्च २०१४

अम्मीला फहमिदाचा सलाम,

मी खुशाल आहे. थंडी ओसरतेय आणि हलाल मटणाचं दुकान चालत जाण्याएवढं जवळ आहे, तेव्हा माझ्या खाण्याची फिकीर सोड.

तुझ्या लेकाने, तौसीफने, यूम्नाच्या बिस्मिल्लाखानीचे, तिच्या पहिल्या कुराण-पाठाचे फोटो पाठवले. पोर किती उंच झालीये गं! एका फोटोत तिच्या मागे तू दिसलीस. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नमाज पढत होतीस.

माझं संशोधनाचं काम तुला माहीत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना आम्ही फॉर्म देतो, कारण आता कसं वाटतंय हे डॉक्टरने नाही, पेशंटनेच सांगायचं असतं. पनवेलचे फॉर्म तौसीफने घरोघर जाऊन भरून घेतले. ऑपरेशन तुझंही झालेलं, पण तू घरचीच, म्हणून तुझा राहिला. मी फोन केला तर म्हणालीस, "मी बरी आहे गो, तू जेवलीस का?" तेवढ्यावर बाराही प्रश्नांपुढे 'काही त्रास नाही' अशी खूण मीच केली. तुझ्यावर विश्वास होता म्हणून नाही, काम संपवायचं होतं म्हणून.

काल माझ्या गाईड सरांना सगळं सांगितलं. ते रागावले, आणि तुझा फॉर्म त्यांनी काढून टाकला.

सोबत कोरा फॉर्म आहे. तौसीफला भरू देऊ नकोस. शेवटी मी पेनाने एक प्रश्न वाढवलाय: जमिनीवर कपाळ टेकून सजदा करता येतो का? हा फॉर्म सरांना द्यायचा नाही, माझ्यासाठी आहे. दुखत असेल तर दुखतं असंच लिही.

तोवर खुर्चीवरूनच माझ्यासाठी माफीची दुआ कर.

तुझी,
फहमिदा