तीन हिसके

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपार

प्रिय करुणा,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, इंग्रजीतल्या 'पुल'ला आपल्याकडं काय काय म्हणतात ते सांग, पोरांच्या डिक्शनरीत आम्ही नुसतं ओढणे आणि खेचणे एवढंच घातलंय, साहेब म्हणतात अजून आणा. मला हसू आलं. सातवी शिकलेली बाई मी, अन् पुण्यातले साहेब माझ्या तोंडाकडं बघत बसलेत. पण मला काही सुचेना, कारण त्याच फोनात दुसरंही बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, सांडूकाका वारले गं काल. तू म्हणालीस, बरं झालं. आणि लगेच, हं, सांग, अजून कोणते शब्द? तेव्हापासून भांडी घासताना, फरशी पुसताना मी शब्दच गोळा करतेय. तुझ्या 'बरं झालं'चं उत्तरही द्यायचंय, म्हणून कागद घेतला. फोनवर तू मधेमधे हं हं करतेस अन् माझा धागा तुटतो.

तर लिहून घे. आडातून पाणी ओढत नाहीत, शेंदतात. विहीर रिकामी करायची तर उपसतात. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटतात. देवगाव रंगारीला होतो तेव्हा उपटून उपटून माझ्या तळहातांची सालटं निघायची. दात काढतात, बिडी ओढतात, आणि नळाला मोटर लावून शेजारचे लोक आपल्या वाट्याचं पाणी खेचतात, त्यावरून आमच्या गल्लीत आठ दिवसांतून एकदा नळ येतो तेव्हा ठरलेलं भांडण होतं. पावसानं ओढ दिली असंही म्हणतात. म्हणजे तो यायचाच थांबला. ते तुमच्या इंग्रजीत कुठं बसतंय का साहेबांना विचार. आणि खुद्द तुझा 'पुल' मला रोज भेटतो. मी झाडायला जाते त्या रक्त तपासायच्या लॅबच्या काचेच्या दारावर ती चार अक्षरं आहेत, मला पाठ झालीत. माणसं घाबरलेली येतात, वाचायचं भान कुणाला असतं, सगळी आधी दार ढकलतात. मग मला विचारतात, मावशी, बंद आहे का? मी म्हणते, ओढा. दिवसभर हेच, ओढा, ओढा. अन् प्रत्येक वेळी ते म्हटलं की मी दाराकडं पाठ फिरवते. का ते तुला तेरा वर्षांत सांगितलं नाही.

सन तेराचा दुष्काळ तुला आठवतो का? नऊ वर्षांची होतीस. गावात प्यायला पाणी नव्हतं, कामाचं तर नावच नको, म्हणून आपण औरंगाबादला आलो. तेव्हा गावाचं नाव तेच होतं. शहर बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं. कालची शेतं आज प्लॉट, उद्या बिल्डिंग. माणसाला हंडाभर पाणी मिळेना, पण सिमेंटला पाणी लागायचंच. मग शेतातल्या जुन्या विहिरी अजून खोल करायच्या. हे काम तुझ्या बाबांना आणि सांडूभाऊजींना येत होतं. चुलतभाऊ दोघं, मिसरूड फुटल्यापासून विहिरीच खोदत आलेले. तुझे बाबा खाली उतरायचे, भाऊजी वर दोर धरायचे. त्यांची जोडी अशी की ठेकेदार दोघांना एकत्रच बोलवायचे.

दोर कमरेला बांधलेला असायचा आणि वर कप्पीवरून भाऊजींच्या हातात. साठ फूट खालून हाक मारली तर नुसता घुमारा ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, म्हणून बोलणं दोरानं व्हायचं. एक हिसका म्हणजे टोपलं सोड. दोन म्हणजे टोपलं भरलं. तीन म्हणजे मला वर ओढ. यात चूक चालायची नाही. पण मी टोपली रिकामी करायला जायला लागले तेव्हापासून तुझ्या बाबांना खोडी सुचली. भाऊजी तंबाखू मळायला बसले की दोर घटकाभर माझ्या हाती यायचा. ह्यांना वर न बघता कसं कळायचं कोण जाणे, खालून बारीक बारीक हिसके सुरू व्हायचे, मोजदाद नाही काही नाही. जागी आहेस का, रुसलीस का, जेवलीस का, असं सगळं त्यात. मी वरून एक झटका द्यायची, की मग खाली गप्प. भाऊजींनी एकदा ते पाहिलं आणि दोघांनाही झाडलं. दोराशी थट्टा नाय करायची, म्हणाले. आम्ही दोघं पोरांसारखं हसलो. करुणा, बारा वर्षांच्या संसारात मला त्या दोराइतकं लाडानं कुणी बोललं नव्हतं.

पुढचं तुला जे माहीत आहे ते असं. खाली पाणी उपसायला डिझेलचं इंजिन ठेवलेलं, त्याचा धूर विहिरीत कोंडला होता. ठेकेदाराला स्लॅबची घाई, म्हणून धूर निवळायच्या आधीच बाबा उतरले. त्यांना गुदमरलं, त्यांनी दोर ओढला, आणि वर सांडूकाकांचा डोळा लागला होता. पंचनाम्यात तसंच आहे. भाऊजींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, दोर माझ्या हातात होता, झोप लागली. त्यानंतर एकही माणूस त्यांच्या दोरावर विहिरीत उतरला नाही. कोण उतरेल? मग ते गुलमंडीवर हातगाडी ओढायला लागले. कापडाचे गठ्ठे, शेवटपर्यंत. तू बाजारात त्यांना पाहिलंस की रस्त्याच्या पलीकडं जायचीस. दरवर्षी चौदा एप्रिलला ते तुझ्यासाठी पांढरा ड्रेसपीस पाठवायचे, तुझ्या काकू, भामाबाई, आणून द्यायच्या. तू दहावीत होतीस तेव्हा त्याची फरशी पुसायची फडकी केलीस, भामाबाईंच्या देखत. त्या माउलीनं चहा अर्धा टाकला आणि गेली. मी तुला रागावले नाही. रागावायला पाहिजे होतं.

मागच्या आठवड्यात मी भाऊजींना बघायला दवाखान्यात गेले होते. नुसती हाडं राहिली होती. भामाबाई औषध आणायला गेल्या होत्या. मला विचारलं, पोरगी काय करती? मी म्हटलं, इंग्रजीचं पुस्तक करती, शब्दांचं. लई हसले, खोकला येईपर्यंत. मग मी म्हटलं, भाऊजी, आता मला बोलू द्या, भामाबाई आल्या की मी त्यांना सांगते. तेवढ्यात त्या दारात आल्याच. भाऊजींना बोलवेना. त्यांनी माझा पदर धरला आणि हळूच एक हिसका दिला. गप, म्हणून. आणि मी परत गप्प बसले बघ.

आता ऐक. त्या दिवशी सकाळी माझं आणि तुझ्या बाबांचं भांडण झालं होतं, तुझ्यावरून. मला तुला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. ते म्हणाले, आपल्या पोरीला मड्डम करायची का, आहे ती शाळा काय वाईट आहे. मी बोलणं टाकलं. कामावर भाकरीसुद्धा त्यांच्यापुढं न बोलता ठेवली. दुपारी इंजिनाचं डिझेल संपत आलं, भाऊजी आणायला गेले, जाताना दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वहिनी, लक्ष. भाऊजी झोपले नव्हते, करुणा. भाऊजी तिथं नव्हतेच. थोड्या वेळानं हिसके आले. तीन आले. मला वाटलं, आले मनधरणीला. मी उत्तर दिलं नाही. परत आले, एकामागं एक, मी मोजलेसुद्धा नाहीत. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, कळू दे जरा. मी दोर पायाखाली दाबला आणि विहिरीकडं पाठ करून बसले. मग हिसके थांबले. मला वाटलं, आता हे रुसले. एकटीला ओढता आलं असतं का, हे मी रोज स्वतःला विचारते. आलं असतं. कप्पी होती. निदान धुराच्या वर तरी आले असते.

भाऊजी आले, त्यांनी माझ्या पायाखालचा दोर पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. ओढून वर घेतलं तेव्हा काही उरलं नव्हतं. लोक धावत यायला लागले, तसे ते मला एवढंच म्हणाले, "वहिनी, गप. पोरीला बाप नाय राहिला, आई तरी राहू द्या." आणि मग त्यांनी ते झोपेचं सांगितलं. मी त्या दिवशी भीतीनं गप्प राहिले. पुढं सवयीनं. आणि खरं सांगू, तू त्यांचा द्वेष करायचीस तेव्हा मला हायसं वाटायचं, कारण तेवढा तो माझ्याकडं यायचा राहिला. असली आई आहे तुझी.

येत्या रविवारी भाऊजींचा जलदानविधी आहे. सगळी भावकी येईल, देवगावचीही. झोपलेला सांडू म्हणूनच सगळे त्यांची आठवण काढतील. वंदना झाली की मी उभी राहून सगळं सांगणार आहे. पण त्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे लिहिलं. शेजारचा रामकिसन उद्या ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन पुण्याला येतोय, त्याच्या हाती देते. माफी मागत नाही, ती द्यायला दोन माणसं होती आणि दोघंही गेली. ये असंही म्हणायचा मला हक्क नाही. पण आलीस तर पांढरं नेसून ये, आणि माझ्याजवळ उभी राहू नकोस. भामाबाईंजवळ उभी राहा.

अजून तरी तुझीच म्हणवणारी,
आई