न वाचलेला शब्द

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. आज आपल्या शाळेत तुमच्या नावाचं वाचनालय सुरू होणार आहे आणि प्रमुख वक्ती मी आहे. काल संध्याकाळी नागभीडहून जीपनं गावी आले, आईच्या घरी उतरले. आई नाही, आता तिथं भाऊ-भावजय राहतात, पण घराला मी अजून आईचंच घर म्हणते. सकाळी ओसरीवर भाषणाचे मुद्दे काढायला बसले, तर तुमच्या कौतुकाचा एक मुद्दा लिहिला की दुसरा तुमच्याविरुद्धचा निघायचा. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे. एखाद्याविषयी चारचौघांत जे बोलायचं ते आधी त्याच्या तोंडावर बोलावं, हा माझा नियम आहे.

शाळेचा आजचा मुख्याध्यापक म्हणजे आमच्या वर्गातला मागच्या बेंचावरचा तो बडबड्या पोरगा. त्याचा परवा फोन आला. "ताई, सरांबद्दल चांगलं बोलजो बाप्पा. ते मोहफुलाच्या दिवसांतलं नोको काढू." मी म्हटलं, "काऊन? त्या दिवशी वर्गात तूच तं बोलला होता." तर म्हणतो, "म्हणूनच तं सांगून राह्यलो. माह्याच शाळेत मले पुन्हा बेंचावर उभा करशीन तू." आम्ही दोघंही हसलो. पण सर, मी ते काढणार आहे.

तुम्ही लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलात आणि येताना लोखंडी पेटीभर पुस्तकं घेऊन आलात. बाकीचे मास्तर ब्रह्मपुरीहून ये-जा करायचे, तुम्ही गावात राहिलात. दर शनिवारी पेटी उघडायची आणि आम्ही हात धुऊन रांगेत उभे राहायचो. हे मी कधीही नाकारलेलं नाही, आजही नाकारणार नाही. पण त्या पेटीत काय होतं ते तरी आठवा. समुद्र होता, आगबोट होती, सुट्टीत आजोळी जाऊन झोपाळ्यावर बसणारी पोरं होती. आमच्या उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचणं असायचं, मग तेंदूपत्ता असायचा. मी समुद्र आमच्या गावतलावाएवढा धरला आणि त्याच्या पाळीवर नारळाच्या जागी आमच्या रानातली येनाची झाडं लावली. असं करत करत मी ती पुस्तकं वाचली. परक्याला आपलंसं करायची ही सगळी मेहनत मात्र आमच्याच वाट्याला होती. समुद्राकाठच्या एखाद्या पोराला कधी कुणी सांगितलं का, की बाळा, आता डोळे मीट आणि मोहाचं झाड आण डोळ्यांपुढं?

तुम्ही म्हणायचात, चांगलं पुस्तक सगळ्यांचं असतं. मी एकदा विचारलं होतं, "मंग त्यात आमी काऊन नाई, सर?" तुम्ही म्हणालात, "आधी शुद्ध बोलायला शीक, मग प्रश्न विचार." मी शुद्ध बोलायला शिकले. प्रश्न तोच आहे.

तर तो दिवस. चैत आहे, सकाळची शाळा. निम्मा वर्ग मोह वेचायला गेलेला. माझी आईही गेलेली आहे, टोपली घेऊन, उजाडायच्या आत, कारण फुलं पहाटे गळतात आणि उशीर केला तर गुरं खाऊन टाकतात. वाकून वेचणारं माणूस लांबून चार पायांचं दिसतं, ही गोष्ट आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आदल्या वर्षी वर्गातल्या एकीची काकू अशीच वाकलेली असताना जनावराच्या तोंडी गेली होती. म्हणून रीत अशी, की घरातलं कुणी जंगलात असलं की त्या पट्ट्यापट्ट्यांच्या जनावराचं नाव घरच्यांनी तोंडावर आणायचं नाही. बोलायची वेळ आलीच तर 'मोठा' म्हणायचं. आई निघताना दर वेळी बजावायची, "तोंड सांभाळजो वं. मी येईपर्यंत त्याचं नाव नोको घेऊ."

आणि त्या दिवशी तुम्ही मला उभं केलंत, हातात पेटीतलं पुस्तक दिलंत आणि नेमकी त्याचीच गोष्ट वाचायला सांगितलीत. गोष्टीतल्या त्या जनावराला ताप येतो, पोरं त्याला काढा पाजतात, मग ते त्यांना पाठीवर बसवून फिरवतं. लिहिणाऱ्यानं ते पिंजऱ्यातच पाहिलं असणार, सुट्टीच्या दिवशी, हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन. मी वाचते आहे, "एका जंगलात एक मोठा राहत होता. एके दिवशी मोठ्याला ताप आला." वर्गात कुणी हसत नाही. तुम्ही मान वर करता.

"काय लिहिलंय तिथं?"

"त्याचंच लिहिलं आहे, सर."

"कुणाचं?"

"त्याचंच."

मागून तो बडबड्या म्हणतो, "सर, तिची माय मोहावर गेली हाय."

"मग? त्याचा इथं काय संबंध? तू बेंचावर उभा राहा." आणि माझ्याकडे वळून, "हा अडाणीपणा शाळेच्या दाराबाहेर ठेवायचा. छापलेलं आहे ते वाच. एक शब्द आहे."

मी वाचला नाही. घंटा होईपर्यंत पुस्तक धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाहीर केलंत, की ब्रह्मपुरीच्या वाचन स्पर्धेला माझ्याऐवजी दुसरी मुलगी जाईल. स्पर्धेचं दुःख मी करून मोकळी झाले. 'अडाणीपणा' हा शब्द मात्र अजून तुमच्या पदरात परत घालायचा आहे.

आई आली त्या दिवशी, टोपली भरून. अंगणात फुलं पसरताना तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "एका शब्दासाठी इतका वेळ उभी केली? बरं झालं बोलली नाईस. नाईतं मी आज कुठी आली असती?" मग दोनेक दिवसांनी बोअरिंगच्या हापशावर तुम्ही भेटलात तेव्हा ती तुम्हाला म्हणाली, "सर, एक दिवस तुमी बी या आमच्यासंग मोहावर. तिथी वाचा मोठ्यानं, आमी ऐकू." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हीही हसलात. आला मात्र नाहीत.

आता माझं ऐका. नाव घेतल्यानं कुठलंही जनावर येत नाही. हे मी विहारात सांगितलं आहे, कॉलेजांत सांगितलं आहे, गडचिरोलीच्या सभेत देवऋषी समोर बसलेले असताना सांगितलं आहे. त्या दिवशी वर्गातही मला ते अर्धंमुर्धं कळत होतं. पण आई जंगलात होती आणि मी वर्गात. तिच्यासाठी तिथं बसून मला करता येण्यासारखं एकच काम होतं, तोंड सांभाळणं. ते मी करत होते. तुम्ही ते माझ्या हातून काढून घ्यायला निघालात, तेही पुस्तकाच्या नावानं. ज्या पुस्तकापुढं पोरीला आपल्या मायला विसरावं लागतं, त्या पुस्तकात काहीतरी कमी आहे, पोरीत नाही. हे मी आज माईकवर म्हणणार आहे, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर.

आणि पुढचंही म्हणणार आहे. वर्ष संपताना तुम्ही तेच पुस्तक मला बक्षीस दिलंत, का ते सांगितलं नाहीत. मी ते टाकलं नाही. लोक म्हणतात बाईंच्या जिभेला धार आहे. ती तुमच्या त्या लोखंडी पेटीवर लागलेली आहे. वाचनालयातल्या मुलांना मी सांगणार आहे की सगळं वाचा, आणि जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबा, कुणी उभं केलं तर उभे राहा. मुख्याध्यापकाला घाम फुटेल. फुटू द्या.

लिहिलेलं आत्ता पुन्हा वाचून पाहिलं. एवढं भांडले, पण त्या जनावराचं नाव मी कुठंही लिहिलेलं नाही. ठरवून नाही, सर. माझी भावजय पहाटेच टोपली घेऊन मोहावर गेली आहे, आणि अजून आलेली नाही.