पितळी हँडल

४ मार्च

चिकटलो एकदाचा ट्राम कंपनीत, ड्रायव्हर म्हणून. सगळी मामांची कृपा. बाबा गेल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं; मामी चिडवते, यांचा जीव पोरापेक्षा भाच्यावर जास्त. डेपोच्या भिंतीवर कंपनीचे जुने फोटो आहेत. घोड्यांची ट्राम, मग विजेची पहिली गाडी, हार घातलेली. ती गाडी अजून धावते, मामांनी उभी हयात तिच्यावर काढली. हल्ली त्यांची तब्येत पार ढासळली, म्हणून आता ती माझ्याकडे. शेवटच्या थांब्यावर गाडी चालवायचं पितळी हँडल काढून परतीसाठी गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचं. ते कधी खाली ठेवायचं नाही, हातातून हातातच द्यायचं, अशी इथली रीत. मामांनी ते माझ्या डाव्या हातात दिलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

९ मार्च

हँडल भलतंच गार. धरलं की वाटतं, तिथे आधीच कुणाचा तरी हात आहे. कंडक्टरला गंमत म्हणून सांगितलं, तर तो हसला नाही. मामा मात्र ठणठणीत झालेत. डाव्या हातातला हातमोजा कधी न काढणारा माणूस आता उघड्या हातांनी पत्ते पिसतो.

१५ मार्च

बोटं काळी पडलीत. म्हाताऱ्या फिटरने अखेर सांगितलं. विजेच्या गाडीच्या पहिल्याच फेरीत ड्रायव्हरला शॉक लागला, हात हँडलला चिकटला. गाडीत बडे पाहुणे होते. मालक म्हणाले, फेरी पुरी होऊ द्या. माणूस उभ्या उभ्या जळला. त्याने हँडल अजून सोडलेलं नाही. जो ते धरतो त्याचा हात काळा पडतो, काळं वर चढतं, दर नव्या माणसाला आधीच्यापेक्षा झपाट्याने, छातीशी पोचलं की माणूस संपतो. सुटका एकच, रक्ताच्या माणसाच्या हातात देणं.

रक्ताच्या माणसाच्या.

१६ मार्च

मामांनी नाकारलं नाही. म्हणाले, छातीला टेकायचं तेवढं राहिलं होतं रे. मग मुलाला का नाही दिलं, विचारलं. म्हणाले, पोटच्या पोराला कसं देऊ.

मग मी कोण होतो? घास भरवले ते — यासाठी?

२१ मार्च

खांद्यापर्यंत काळं. परत द्यायला गेलो. सुटलेल्या हाताला ते पुन्हा धरत नाही म्हणे. मामांनी दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर —

२४ मार्च

शेवटचा थांबा. छातीत गार पडतंय. मामेभाऊ आलाय, सुट्टीला. बापाने डेपोची पायरी कधी चढू दिली नाही त्याला. काहीच ठाऊक नाही. माझ्यावर जीव टाकतो वेडा. म्हणतोय, दादा, एकदा हँडल धरू दे ना — मामा रस्त्यावरून धावत येतायत, ओरडतायत, देऊ नकोस — तेव्हा दार लावलं, आज बरा दिसलो त्यांना — तो हसतोय, हात पुढे केलाय — मी डावा हात —